स्पेक्ट्रमला नवं मेम्ब्रेन टाकलं, तरी बटणं चालेनात

नवं मेम्ब्रेन (कीबोर्डच्या बटणांखालचा छापील रेघांचा पातळ पापुद्रा) टाकूनही जुन्या स्पेक्ट्रम संगणकाची पाच-आठ बटणं मुकीच राहिली की सगळा राग विकणाऱ्यावर निघतो. बहुतेक वेळा मेम्ब्रेन चांगलंच असतं. त्याची शेपटी, म्हणजे बोर्डाकडे जाणारी पट्टी, कनेक्टरमध्ये अर्धवट बसलेली असते, नाहीतर वरचा काळा पत्रा चिकटवताना काहीतरी बिनसलेलं असतं. यातलं काय झालंय, याचा अंदाज मशीन पुन्हा उघडण्याआधीच येतो. त्यासाठी कोणती बटणं चालत नाहीत ते कागदावर लिहून काढायचं. हा कागद नसेल तर मल्टिमीटर असूनही तास-दोन तास नुसते चाचपडण्यात जातात.

हा लेख सिंक्लेअर कंपनीचा रबरी बटणांचा झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे १९८२ चं मॉडेल, समोर धरून लिहिला आहे. त्याच्या आधीच्या झेडएक्स ८१ चं मेम्ब्रेन वरून सपाट असलं तरी त्यालाही पाच आणि आठ रेघांच्या दोन शेपट्याच असतात, त्यामुळे शेपटीबद्दलचं सगळं त्यालाही लागू. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८० च्या दशकात परवान्याखाली विकलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा प्लस मॉडेलचा भाऊ. त्याच्या भानगडी थोड्या वेगळ्या आहेत, त्या शेवटी पाहू. शाळेच्या अडगळीतून बीबीसी मायक्रो हाती लागला असेल (१९८४-८५ च्या 'क्लास' या शालेय संगणक प्रकल्पात अनेक शाळांना तो मिळाला होता), तर मेम्ब्रेन शोधत बसू नका. त्याला प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र यांत्रिक स्विच असतो. कमोडोर ६४ लाही मेम्ब्रेन नाही. त्यात बटणाच्या टोकाची कार्बनची टिकली छापील सर्किटवर टेकते आणि बहुतेक वेळा ती पुसली की काम होतं.

आत काय असतं

मेम्ब्रेन म्हणजे पॉलिएस्टरचे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये भोकं पाडलेला तिसरा. वरच्या पापुद्र्याच्या खालच्या बाजूला आणि खालच्या पापुद्र्याच्या वरच्या बाजूला विद्युतवाहक शाईच्या रेघा छापलेल्या असतात. बटण दाबलं की मधल्या भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. बाकी काही नाही. या रेघा दोन शेपट्यांमधून बोर्डापर्यंत जातात. आठ रेघांची शेपटी प्रोसेसरच्या ए८ ते ए१५ या ॲड्रेस लाइनींना डायोडमधून जोडलेली असते, तर पाच रेघांची शेपटी कीबोर्ड वाचणाऱ्या युएलए चिपकडे जाते. आठ गुणिले पाच, म्हणजे चाळीस बटणं.

जुनी मेम्ब्रेन्स मरतात ती बहुतेक शेपटीपाशी. पॉलिएस्टर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतं आणि जिथे घडी पडते तिथे रेघ तडकते. मराठवाड्यात पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर तीसेक उन्हाळे काढलेल्या मशीनचं मूळ मेम्ब्रेन जिवंत असेल, अशी आशाच धरू नका. ते वाचवण्यापेक्षा नवं मागवणं बरं.

पार्सल आल्यावर

नवी मेम्ब्रेन्स बाहेरून येतात, कस्टम लागू शकतं हे धरूनच चाला. ऑर्डर देताना विकणाऱ्याला दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून पाठवायला सांगा. मेम्ब्रेन हलकंसं गुंडाळलेलं चालतं, पण शेपटीला टोकदार घडी पडलेली चालत नाही. पाकीट फोडल्यावर दोन्ही शेपट्या उजेडासमोर तिरप्या धरून बघा. रेघेला आडवी केसासारखी चीर दिसली की तिथेच थांबा, फोटो काढा आणि विकणाऱ्याशी बोला. मे महिन्यात कुरियरवाला दुपारी गेटवर पाकीट टाकून गेला असेल तर ते तासभर घरात राहू द्या. गरम असताना मधला चिकट थर मऊ असतो आणि पापुद्रे एकमेकांवरून किंचित सरकतात.

बसवण्याआधी मीटरने तपासून घ्यायचं, आणि नवखे लोक नेमके इथेच फसतात. मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवून बटण दाबतात, बीप येत नाही, आणि मेम्ब्रेन खराब म्हणून बाजूला टाकतात. पण बहुतेक मीटरचा बीप जेमतेम तीस-पन्नास ओहमच्या आतच वाजतो आणि छापील रेघेचा रोध त्याहून जास्त असू शकतो. म्हणून मीटर दोन हजार ओहमच्या रेंजवर ठेवा आणि आकडा वाचा. आठाच्या शेपटीतली एक रेघ, पाचाच्या शेपटीतली एक रेघ, आणि त्या दोघींच्या भेटीचं बटण दाबायचं. काही दहा ओहम ते काहीशे ओहम यातलं काहीही आलं तरी चालेल. चाळीसही बटणांचे आकडे साधारण एकसारखे आहेत का, हे खरं पाहायचं. एकोणचाळीस बटणं दीडशेच्या आसपास आणि एकच बटण नऊशे दाखवत असेल, तर तेच पुढे त्रास देणार. बोर्डावर दहा किलो-ओहमचे पुल-अप (रेघ ५ व्होल्टला धरून ठेवणारे रेझिस्टर) आणि वाटेत डायोड असल्यामुळे काहीशे ओहम निभावून जातात. किलो-ओहमच्या पुढे गेलं की बटण कधी लागतं, कधी लागत नाही.

प्रोबचं अणकुचीदार टोक शेपटीवर घासू नका, शाई खरवडली जाते. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची छोटी घडी रेघेवर ठेवून तिच्यावर प्रोब टेकवा. हे काम दोघांनी केलं तर लवकर उरकतं. एकाने प्रोब धरायचे, दुसऱ्याने बटणाच्या जागी बोटाच्या गादीने दाबायचं, नखाने नाही.

काय काय लागतं

स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल (दुकानात नुसतं आयपीए म्हटलं तरी देतात), चिमटा, मोबाईल उघडायची प्लॅस्टिकची पट्टी, हेअर ड्रायर आणि मोबाईलच्या डिस्प्लेला लावतात ती पातळ डबल टेप, दोन किंवा तीन मिलिमीटर रुंदीची. संभाजीनगरच्या मोबाईल बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. जालना, परभणी, नांदेड, लातूर कुठेही चार मोबाईल दुरुस्तीची दुकानं एका ओळीत दिसली की समजा मिळालं. फोमची जाड डबल टेप घेऊ नका. दुकानदार 'हा घ्या, एकदम पक्का' म्हणून मोबाईलचा चिकट गम हातात ठेवेल, तोही नको. पत्रा पुन्हा कधीतरी काढावा लागणारच आहे.

थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढायचं द्रावण या मशीनच्या आसपासही आणू नका. थिनर आणि नेलपॉलिशवालं द्रावण केसचं प्लॅस्टिक विरघळवतं, आणि तिन्ही छापील शाई उचलतात.

कूलरबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. बोअरचं पाणी भरलेल्या कूलरच्या झोतात उघडं मशीन ठेवलं तर ओल तर बसतेच, शिवाय पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर कनेक्टरवर धरतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी करा, पंखा मंद ठेवा आणि हात कोरडे ठेवा.

उघडणं आणि जुनं काढणं

ॲडॉप्टर काढा. मशीन उलटं करून खालचे पाच स्क्रू काढा. ते सगळे सारख्याच लांबीचे असतीलच असं नाही. त्यामुळे पुठ्ठ्यावर मशीनचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खोचून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर केस फुटते. मशीन सरळ करा आणि वरचा अर्धा भाग चार-पाच सेंटिमीटर, फार तर तेवढाच, उचला. दोन्ही शेपट्या आखूड असतात. झटका दिला की जुनं मेम्ब्रेन तुटेल, त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, पण तुटलेला तुकडा कनेक्टरमध्ये अडकला तर चिमट्याने काढताना आतल्या पात्या वाकतात. शेपटी कनेक्टरच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. डावी-उजवीकडे डोलवू नका.

आता वरचा काळा पत्रा. तो डबल टेपने चिकटवलेला असतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ड्रायरने एक कोपरा मिनिटभर गरम करा, प्लॅस्टिकची पट्टी आत सरकवा, मग पुढचा भाग गरम करा, पट्टी पुढे न्या. अशी पूर्ण फेरी मारायची. एका कोपऱ्यातून पत्रा खेचून उचलला तर त्याला कायमचा बाक येतो. असा बाक आलेला पत्रा नंतर सपाट करून चिकटवला तरी मधोमध रबरी मॅटवर दाबत राहतो. 'नव्या मेम्ब्रेनचा' म्हणून सांगितला जाणारा दोष पुष्कळदा या बाकाचाच असतो. परभणी-नांदेडकडच्या उन्हात मे महिन्यात ड्रायर लागत नाही, वरचा भाग दहा मिनिटं अंगणात ठेवला तरी टेप सैल होते. नवं मेम्ब्रेन मात्र त्या वेळी घरात सावलीतच असू द्या.

पत्रा निघाला की रबरी मॅट, तिच्याखाली मेम्ब्रेन. दोन्ही काढा. मॅट कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. खालच्या बाजूला प्रत्येक बटणामागे एक उंचवटा असतो, तोच मेम्ब्रेन दाबतो. तो झिजलेला किंवा फाटलेला आहे का, हे आत्ताच बघून घ्या. केसमधल्या खोबणीतली काळपट धूळ आयपीएने पुसा. मेम्ब्रेनखाली अडकलेला वाळूचा एक कण बटण कायम दाबून ठेवायला पुरेसा आहे.

कनेक्टर आणि शेपटी

बोर्डावरचे दोन कनेक्टर नुसत्या दाबावर धरणारे आहेत, त्यांना उघडझाप करायची कडी नसते. चाळीस वर्षांत आतल्या पात्यांवर काळा थर आलेला असतो. व्हिजिटिंग कार्डाची शेपटीच्या रुंदीची पट्टी कापा, टोक आयपीएत भिजवा आणि कनेक्टरमध्ये चार-पाच वेळा वर-खाली करा. दरवेळी कार्डाचा नवा भाग वापरा. कार्डावर काळं लागायचं थांबलं की झालं.

नवं मेम्ब्रेन खोबणीत ठेवताना आधी शेपट्या फटीतून खाली सोडा, मग वरचा भाग बसवा. शेपटी कनेक्टरमध्ये घालताना टोकापासून सात-आठ मिलिमीटरवर धरा. लांबून धरून ढकलली की ती धनुष्यासारखी वाकते आणि वाकली तिथेच तडकते. सरळ खाली, थोडी थोडी. शाईची बाजू कनेक्टरच्या पात्यांकडे आहे ना, हे जुनी शेपटी काढतानाच फोटो काढून ठेवलात तर प्रश्न येत नाही. पूर्ण बसलेली शेपटी दोन्ही कडांना सारखीच खोल गेलेली दिसते. एक कड मिलिमीटरभर वर राहिली तर त्या बाजूच्या एक-दोन रेघा टेकत नाहीत. तेवढ्यानेच पाच किंवा आठ बटणं मरतात.

केस बंद करतानाही काळजी हवी. शेपट्या बोर्ड आणि केस यांच्यामध्ये सैल कमान करून राहायला हव्यात. त्यांची चपटी घडी होऊ देऊ नका आणि व्होल्टेज रेग्युलेटरच्या गरम ॲल्युमिनियमला त्या चिकटू देऊ नका.

पत्रा चिकटवण्याआधी

हा टप्पा गाळू नका. मॅट बसवा, पत्रा तिच्यावर नुसता ठेवा, केस न स्क्रूवता मशीन चालू करा आणि सगळी बटणं तपासा.

ॲडॉप्टरचंही इथेच सांगतो. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या आतलं टोक ऋण असतं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ॲडॉप्टरचं आतलं टोक धन असतं. मूळ ॲडॉप्टर नसेल तर नवा लावण्याआधी मीटरने ध्रुव तपासा. उलटा लागला तर मेम्ब्रेनपेक्षा बरंच महाग काम निघेल.

चालू झाल्यावर सिंक्लेअरची १९८२ ची ओळ दिसते. पी दाबलं की पूर्ण 'प्रिंट' हा शब्द उमटायला हवा, त्यानंतरची बटणं अक्षरं देतात. टीव्हीकडे सारखं बघणं टाळायचं असेल तर पोक २३६०९, ५० ही आज्ञा द्या. बटण लागल्याचा आवाज लांबतो आणि नजर बोटांवर ठेवता येते.

मग कागद घ्या आणि न लागणारी बटणं या आठ रांगांमध्ये मांडा. कंसातला आकडा त्या रांगेच्या पोर्टचा, म्हणजे ती रांग वाचायच्या पत्त्याचा:

ए८ (६५२७८): कॅप्स शिफ्ट, झेड, एक्स, सी, व्ही
ए९ (६५०२२): ए, एस, डी, एफ, जी
ए१० (६४५१०): क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी
ए११ (६३४८६): १, २, ३, ४, ५
ए१२ (६१४३८): ०, ९, ८, ७, ६
ए१३ (५७३४२): पी, ओ, आय, यू, वाय
ए१४ (४९१५०): एंटर, एल, के, जे, एच
ए१५ (३२७६६): स्पेस, सिम्बॉल शिफ्ट, एम, एन, बी

प्रत्येक रांगेतलं पहिलं बटण पाचाच्या शेपटीतल्या एकाच रेघेवर, दुसरं दुसऱ्या रेघेवर, असं पाचव्यापर्यंत. उजवीकडच्या रांगा बाहेरून आत मोजल्या आहेत, हे लक्षात घ्या.

आता कागद बोलायला लागतो. एका रांगेतली पाचही बटणं मेली, बाकी सगळी चालतात: आठाच्या शेपटीची एक रेघ टेकत नाही. कीबोर्डच्या डाव्या टोकाचा उभा पट्टा (१, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट) आणि उजव्या टोकाचा उभा पट्टा (०, पी, एंटर, स्पेस) एकदम मेले: पाचाच्या शेपटीची पहिली रेघ. मधला पट्टा, म्हणजे ५, टी, जी, व्ही आणि शेजारचे ६, वाय, एच, बी गेले तर पाचवी. दोन टोकांची बटणं एकत्र कशी मेली, याचं नवख्यांना फार कोडं पडतं आणि ते दोन वेगवेगळे दोष समजून शोधत बसतात. दोष एकच असतो. त्या शेपटीला बाहेर काढा, पुसा, पुन्हा सरळ बसवा.

एकच बटण मेलं तर शेपटी सोडून द्या. त्या बटणाखाली बघा: मॅटचा उंचवटा, कचरा, मेम्ब्रेनवर पडलेली सुरकुती.

सगळा कीबोर्डच मेला तर

इथे घाबरून दोन्ही शेपट्या उपटू नका. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये, म्हणजे त्यातल्या कायमच्या प्रोग्राममध्ये, एक नियम आहे: शिफ्ट नसलेली दोन बटणं एकाच वेळी दाबलेली दिसली तर ती दोन्ही सोडून द्यायची. म्हणजे एखादं बटण सतत दाबलेलं राहिलं, की दुसरं कुठलंही बटण दाबलं तरी मशीनला दोन दिसतात आणि ते काहीच करत नाही. चाळीसपैकी एकच बटण अडकलेलं असतं आणि वाटतं की सगळा कीबोर्ड गेला. ओळखायची खूण सोपी आहे. मशीन चालू होताच कुणी हात न लावता 'प्रिंट' उमटून त्यापुढे पी पी पी अशी ओळ सुरू झाली, तर पी अडकलं आहे. अडकलेलं बटण कॅप्स किंवा सिम्बॉल शिफ्ट असेल तर पडदा शांत राहतो, पण पुढची बटणं भलतंच काहीतरी देतात.

अडकण्याचं कारण बहुतेक वेळा वरून येणारा दाब. पत्रा हळूच उचला. बटण सुटलं का? सुटलं तर पत्र्याला बाक आहे किंवा मॅट खोबणीत नीट बसलेली नाही, तिचा एखादा कोपरा पत्र्याच्या कडेखाली गेला आहे. पत्रा सपाट काचेवर ठेवून बाक बघा आणि बोटांनी हळूहळू उलटा वाकवून काढा, हातोडी नको. पत्रा पूर्ण काढूनही बटण सुटत नसेल तर मेम्ब्रेन केसमधून बाहेर घेऊन सपाट ठेवा. तेव्हाही मीटर ते बटण दाबलेलंच दाखवत असेल तर मधला पापुद्रा सरकला आहे किंवा दोन रेघांची शाई एकमेकींना लागली आहे. अशा वेळी मेम्ब्रेन परत करायचं, त्यात घरी करण्यासारखं काही नाही.

शेपटीच्या टोकाशी दोन शेजारच्या रेघा धातूच्या कणाने जुळल्या तरी असंच होतं: ए दाबलं की एसही दिसतो, आणि मशीन दोन्हींकडे दुर्लक्ष करतं. टोक आयपीएने पुसलं की बहुधा सुटतं.

शंका असेल तर आकडे वाचा. पुरेशी बटणं चालत असली तर दोन ओळींचा प्रोग्राम पुरतो. ओळ १० मध्ये प्रिंट ॲट ०,०; इन ६५२७८ आणि ओळ २० मध्ये गो टू १०. 'इन' लिहायला आधी दोन्ही शिफ्ट एकत्र दाबून एक्स्टेंड मोडमध्ये जा, मग सिम्बॉल शिफ्ट धरून आय दाबा. काहीही न दाबता १९१ किंवा २५५ दिसतं, बोर्डाच्या आवृत्तीप्रमाणे. रांगेतलं पहिलं बटण दाबलं की त्यातून १ वजा होतो, दुसऱ्याला २, मग ४, ८ आणि १६. न दाबताच आकडा कमी दिसला तर किती कमी आहे त्यावरून अडकलेलं बटण कळतं. प्रोग्राम न लिहिता थेट आज्ञा देऊन ४९१५० वाचलं तर मात्र एक कमी येतो. तो दोष नव्हे, तुमचं बोट अजून एंटरवर असतं.

दोष बोर्डाचा की मेम्ब्रेनचा

शेपट्या दोनदा पुसून बसवल्या आणि तीच रांग तशीच मेलेली, तर मेम्ब्रेन पूर्ण बाजूला ठेवा. दोन्ही शेपट्या काढा, मशीन चालू करा. १०० ओहमचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना पातळ वायर जोडा. एक टोक आठाच्या कनेक्टरमधल्या एका पातीला, दुसरं पाचाच्या कनेक्टरमधल्या एका पातीला टेकवा. वायर आत खुपसू नका, पात्या फाकतात. वरून दिसणाऱ्या धातूला नुसती टेकवायची. बटण दाबल्यासारखं अक्षर उमटेल. असे चाळीसही जोड लागले तर बोर्ड निर्दोष आहे आणि दोष शेपटी, कनेक्टर किंवा मेम्ब्रेनमध्ये आहे.

आठातली एक पाती कुठल्याच जोडीला दाद देत नसेल तर तिचा डायोड किंवा त्याचा सोल्डरचा डाग बघा. त्या जागी १एन४१४८ चालतो, किंमत किरकोळ. पाचातली एक पाती दाद देत नसेल तर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळा प्रोब मॉड्युलेटरच्या (टीव्हीची केबल लागते त्या) धातूच्या डब्यावर आणि लाल त्या पातीवर ठेवा. मोकळ्या पातीवर ५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. बाकी चार ठीक आणि एकच शून्याजवळ असेल तर पुल-अप रेझिस्टर सुटलेला आहे किंवा युएलएचा तो पाय गेला आहे. रेझिस्टर नवशिक्याला जमेल. युएलए गेला तर अनुभवी माणसाकडे न्या.

लागतं, पण नीट लागत नाही

एका दाबात दोनदा अक्षर येत असेल तर त्याचा ऑटो-रिपीटशी संबंध नाही. बटण धरून ठेवल्यावर सुमारे पाऊण सेकंदानेच तो सुरू होतो. नव्या मेम्ब्रेनचा मधला पापुद्रा पातळ असला आणि मॅटवर पत्र्याचा दाब असला की बोट उचलताना संपर्क थरथरतो. आधी पत्र्याचा दाब कमी करून बघा.

उलट, जोरात दाबावं लागत असेल तर टेप बघा. फोमची टेप लावली असेल तर पत्रा वर उचलला जातो, मॅट तरंगते आणि बोटाचा दाब खाली पोचायच्या आत संपतो. टेप बदला. तरीही तीन-चारच बटणं जड असतील तर त्यांच्या उंचवट्यांचं रबर झिजलं आहे. साध्या पारदर्शक टेपचा चार मिलिमीटरचा चौकोन मेम्ब्रेनच्या खाली, बरोबर त्या बटणाच्या जागी, केसवर चिकटवा. एक थर, मग चाचणी, मगच दुसरा. थेट तीन थर लावले तर बटण अडकतं आणि पुन्हा वरच्या परिच्छेदांकडे यावं लागतं.

सगळं जमलं की मगच पत्रा चिकटवा, फक्त चारही कडांना, पातळ टेपने. कोपऱ्यांपासून सुरुवात करू नका. वरची लांब कड आधी, मग खालची.

प्लस मॉडेलचं वेगळेपण

स्पेक्ट्रम प्लस आणि डीबी स्पेक्ट्रम प्लसला ५८ बटणं असतात, पण आतली मांडणी तीच आठ गुणिले पाचची. जास्तीची अठरा बटणं जुन्याच बटणांवर चालतात: दोन जास्तीची शिफ्ट, आणि बाकी सोळा एका दाबात दोन संपर्क जोडतात. डिलीट म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि ०, ब्रेक म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि स्पेस, अवतरणचिन्ह म्हणजे सिम्बॉल शिफ्ट आणि पी. म्हणून त्याच्या मेम्ब्रेनला थर जास्त असतात आणि ते नीट एकावर एक यावे लागतात.

तपासणी मात्र यामुळे सोपी होते. डिलीट दाबल्यावर ० उमटत असेल तर कॅप्स शिफ्टचा संपर्क तिथे जुळत नाही. काहीच होत नसेल पण कॅप्स शिफ्ट धरून ० दाबल्यावर अक्षर खोडलं जात असेल, तर शेपट्या ठीक आहेत, डिलीटच्या जागेपुरता थर सरकला आहे. सगळी जोडबटणं एकदम अशी वागत असतील तर पूर्ण मेम्ब्रेन खोबणीत एका बाजूला सरकलेलं आहे. मागचे छोटे स्क्रू सगळे अर्धवट सैल करा, मेम्ब्रेन खुणांवर आणा आणि मधल्या स्क्रूपासून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे आळीपाळीने आवळा. एक कड पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर ते पुन्हा सरकतं. हे करताना कीबोर्ड बटणं खाली करून मऊ टॉवेलवर ठेवा.